हंचाटेकाकांचं उभ्यानं बघणं

हंचाटेकाकांच्या घरी टीव्हीवर चित्रं लागली की कुणी बसायचं नाही. क्रिकेट बसून बघा, बातम्या लोळून बघा, पण जगातल्या थोर चित्रांवरचा माहितीपट लागला की काका सोफ्यावरच्या उशा आडव्या टाकून जागा अडवतात आणि येईल त्याला दरडावतात, "ऊठ! चित्रापुढं बसत्यात व्हय?"

मी समोरच्याच घरात राहते. पत्रकं लिहिते, मोर्चे काढते आणि तोंडावर बोलते. म्हणून सांगते, या माणसाचा मला संताप यायचा. सोलापुरात नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक, आणि सरकारी कारकुनीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ परदेशातल्या कुठल्याशा राजाच्या मेजवानीच्या चित्रासमोर हात मागे बांधून उभा!

एकदा पाण्याच्या निवेदनावर सही मागायला गेले. "थांब की, कॅमेरा खाली यायलाय," म्हणून त्यांनी मलाही उभं केलं. निवेदकाचा आवाज संथ, कॅमेरा त्याहून संथ. आधी मुकुट, मग ताटं, मग द्राक्षं. आणि पार कोपऱ्यात, अंधारात, एक मोलकरीण. आपल्याकडे पाठ, राजापासून ओले हात पाठीमागे लपवलेली. निवेदक म्हणाला, मुकुट चित्रकारानं झटपट उरकलाय, पण या हातांवर थरावर थर चढवलेत. ते थर कॅमेऱ्यानं अगदी जवळून दाखवले. लाल, जांभळे, भेगाळलेले हात. मी सही विसरले.

"कॅलेंडरवर हेच चित्र लई येळा बघितलं," काका म्हणाले. "राजाच दिसायचा. कडेला बघायला कुणी शिकवलंच न्हाई."

झालं. त्यांना ते वेडच लागलं. लग्नात नवरानवरीला सोडून हे मांडवाच्या खांबाशी डोळे पुसणाऱ्या मामाकडे टक लावून बघणार. पुढाऱ्याचं भाषण लागलं की त्याच्यामागे जांभई दाबणारा कार्यकर्ता दाखवणार. माझ्या पत्रकावर आमच्या मोर्चाचा फोटो होता. मुठी, घोषणा, मी मध्यभागी. काकांनी चष्मा वर केला. "मधली समदी वरडायलीत. ही कडंची बघ. हिला घरी जायचंय."

मी पत्रक हिसकावून घेतलं. डोळे उघडे ठेवायला टीव्ही लागतो का माणसाला? त्या बाईचं नाव मात्र मला आठवेना, म्हणून जास्तच चिडले.

मग तो दिवस उजाडला. आमच्या इमारतीत नळ आला की खालच्या हौदाचा कॉक सोडावा लागतो. त्याची पाळी घरोघरी फिरते. त्या दिवशी पाळी काकांची, आणि टीव्हीवर नेमकं चित्र. पाणी आलं आणि गेलं. हौद कोरडा. खालपासून वरपर्यंत सगळ्या इमारतीनं जिन्यात येऊन काकांचा उद्धार केला. आवाज सर्वात मोठा माझा.

सगळे पांगल्यावर काकांच्या पत्नी सुशीलाकाकू बोलल्या. "चित्रातल्या बाईचे हात दिसले तुमाला. घरातलीचं काय दिसलं आजवर?"

काकूंनी कपाट उघडलं, पिशवी भरली. "वैरागला भावाकडं चालले. परत येईन असं धरू नका."

मी अर्थातच काकूंच्या बाजूनं. रिक्षा बोलावली, पिशवी उचलली, वर काकांना सुनावलं, "आता बघा कडेला!"

काकू दारात चपला घालत होत्या. काका चौकटीला टेकून उभे. थांब म्हणतील, चुकलं म्हणतील, असं मला वाटत होतं. ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "डावी चप्पल पायात का जाईना तुझी?"

"जाईल."

"घोटा सुजलाय, सुशे. कधीपासनं?"

"लई दिस झाले."

"बोलली न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई."

काका तिथंच फरशीवर बसले. काकूंचा पाय त्यांनी हळूच दोन्ही हातांत धरला. जिन्यात, माझ्यादेखत. काकू लाजून म्हणाल्या, "सोडा, कुणीतरी बघंल." पण पाय मागे घेतला नाही.

"मिठाच्या पाण्यानं शेकाया पायजे," काका म्हणाले.

"आणि पाणी?"

काका उठले. आतून बादली आणली आणि शेजारचं दार वाजवलं. त्याच जोश्यांचं, ज्यांनी तासाभरापूर्वी त्यांची अक्कल काढली होती. इतक्या वर्षांत काकांनी कुणाचं दार वाजवलेलं मी पाहिलं नव्हतं. दार उघडलं. काकांनी बादली पुढे केली.

"हिचा पाय दुखतोय," एवढंच म्हणाले.

जोशीवहिनींनी तांब्याभर पाणी ओतलं. काका पुढच्या दारी गेले. तिथंही तेच वाक्य. खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता. काकू एका पायावर भार देऊन उभ्या, नजर बादलीकडे. मी पिशवी खाली ठेवली.

"अहो," काकू ओरडल्या, "निदान तापलेलं तरी मागा की!"