माशाची पाव फेरी

मासा टेबलावर आला आणि सगळे बोलायचे थांबले. लाल रश्श्यातला अख्खा कार्प, वर कांद्याची पात, आणि तोंड बरोबर पाहुण्याकडे, थान शूमिंगकडे. रुओलानच्या आईने ताट टेबलाच्या मधोमधच्या फिरत्या काचेवर ठेवलं, माशाच्या तोंडाची दिशा डोळे बारीक करून तपासली, आणि मगच एप्रनला हात पुसत ती खुर्चीवर बसली.

चीनमधल्या या लिन्यी शहरात माशाचं तोंड ज्याच्याकडे, मान त्याचा. त्याने आधी पेला रिकामा करायचा, शेपटीकडच्याने त्याला साथ द्यायची, आणि मगच बाकीच्यांनी आपल्या जेवणाच्या काड्या माशाला लावायच्या. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शूमिंग मात्र दक्षिणेचा, समुद्राकाठचा. तिकडे मासा आला की लोक सरळ खायला लागतात. रुओलानने आठवडाभर त्याची तयारी करून घेतली होती. आधी आत्यांची विचारपूस करायची, बाबांच्या पेल्यापेक्षा आपला पेला खाली धरायचा, काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. माशाचं सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. श्वास घ्यायचा असतो, हे कुणी कुणाला सांगतं का?

काड्यांची गोष्ट गमतीची नव्हती. मागे तिला बघायला आलेल्या एका मुलाने बोलण्याच्या भरात काड्या भातात उभ्या खोचल्या होत्या, जशा मेलेल्या माणसापुढे खोचतात. यानकाकांनी, म्हणजे रुओलानचे वडील यान देशन यांनी, त्या जेवणातच त्याच्यावर फुली मारली. मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, तरीही. तेव्हा चिनान शहरातल्या एका साध्या गणिताच्या मास्तरला यानकाका किती सांभाळून घेतील, याची रुओलानला धाकधूक होती. शूमिंगखेरीज कुणाशी लग्न करायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं, आणि वडिलांच्या मनाविरुद्ध करायचं नाही हेही. यानकाकांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आण त्याला जेवायला. माशाचे काटे उरले की सांगतो."

दारासमोरच्या खुर्चीवर यानकाका. त्यांच्या उजव्या हाताला पाहुणा म्हणून शूमिंग आणि डाव्या हाताला आत्या, काकांची थोरली बहीण, जिचा शब्द या घरात शेवटचा. शूमिंगच्या समोर रुओलानचे मामा, त्यांचा ट्रकच्या टायरांचा धंदा. आत्यांच्या समोर त्यांचे यजमान, म्हणजे आतोबा, पुढ्यात गरम पाण्याचा कप घेऊन बसलेले. डॉक्टरांनी त्यांची दारू बंद केली होती आणि डॉक्टरांपेक्षा जास्त आत्यांनी. रुओलान आणि तिची आई, म्हणजे काकू, उरलेल्या जागी. माशासाठी म्हणून राखून ठेवलेली बाटली यानकाकांनी स्वतः फोडली, सगळ्यांचे चिमुकले पेले भरले, आणि सगळे शूमिंगकडे बघू लागले.

शूमिंगने सगळ्यांकडे बघितलं आणि तो हसला. कुणी हसलं नाही.

"मग," शांतता फारच लांबली तेव्हा आत्या म्हणाल्या, "सध्या काय शिकवतोस वर्गात?"

"काल्पनिक संख्या."

"म्हणजे ज्या नाहीतच?"

"आहेत ना, आत्या."

"आहेत तर काल्पनिक कशाला म्हणता?"

"नाव ठेवणाऱ्याने चुकीचं ठेवलं."

"नसलेल्या गोष्टी शिकवायला पगार मिळतो बघ," यानकाका मामांना म्हणाले. ते रस्ते खात्यातून निवृत्त झाले होते. "आम्ही असलेले रस्ते बांधले, तरी लोक विचारायचे, कुठे आहेत."

मामा हसले आणि पुन्हा सगळे शूमिंगच्या पेल्याकडे बघायला लागले. शूमिंगला वाटलं, हे लोक समजावून सांगण्याची वाट बघतायत. मास्तर लोकांचं हे असंच असतं. चार माणसं गप्प बसून आपल्याकडे बघताना दिसली की त्यांना फळा दिसायला लागतो.

"काका, तुमचाच रस्ता घ्या," तो म्हणाला. "मध्ये शून्याचा दगड. पुढे एक, दोन, तीन. मागे उणे एक, उणे दोन. आता उणे एकने गुणायचं म्हणजे काय करायचं? तर तोंड फिरवायचं. पुढे चाललेला माणूस मागे चालायला लागतो. परत गुणलं, परत तोंड फिरवलं, की आला पहिल्या दिशेला."

"म्हणून उणे उणे अधिक होतं होय?" मामा म्हणाले. "मी छड्या खाल्ल्या त्याच्यासाठी. तेव्हा कुणी सांगितलं नाही."

"आता मला सांगा, अशी कोणती गोष्ट आहे, की ती एकदा केली, तीच परत केली, की माणसाचं तोंड बरोबर उलटं होईल?"

सगळ्यांचं लक्ष त्याच्या पेल्यावर. पेल्याकडे बघत गणित सुटत नसतं. शूमिंगने काहीतरी दाखवायला मिळतंय का म्हणून टेबलावर नजर फिरवली आणि त्याला ते नको तिथे सापडलं.

"हा मासा बघा. तोंड माझ्याकडे. ह्याला म्हणू एक." आणि त्याने काच घड्याळाच्या काट्यासारखी पाव फेरी फिरवली. मासा यानकाकांच्या नाकासमोरून सरकत आत्यांपुढे जाऊन थांबला. "ही ती काल्पनिक संख्या. रस्त्यावर पुढेही नाही, मागेही नाही. बाजूला. फक्त पाव फेरी. आम्ही हिला भुताटकीसारखं उगाच अवघड करून ठेवलंय."

काकूंच्या हातातला चमचा वाटीत पडला. पाहुण्याने मान परत केला होता. मान परत करणं म्हणजे मुलगी परत करणं, आणि तेही पहिला घास घ्यायच्या आधी. यानकाकांचा चेहरा डांबरासारखा झाला. रुओलानने टेबलाखालून शूमिंगला लाथ मारली. त्याला वाटलं, जरा मोठ्याने बोल म्हणतेय.

आत्यांची वेगळीच पंचाईत झाली. तोंड त्यांच्याकडे आलं होतं, आणि आलेल्या तोंडाला नाही म्हणायचं नसतं. त्यांनी पेला उचलला आणि रिकामा केला. मग त्यांच्या लक्षात आलं की शेपटी आतोबांकडे आहे.

"शेपटीला नाही म्हणता येत नाही," आतोबा खाली मान घालून म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी पेला ओठाला लावला आणि डोळे मिटून घेतले.

आपलं बोलणं यांच्या आत कुठेतरी पोचतंय, असं शूमिंगला वाटलं. वर्गात इतका प्रतिसाद त्याला कधी मिळाला नव्हता. "आता तीच गोष्ट परत," म्हणून त्याने आणखी पाव फेरी दिली. तोंड मामांकडे, शेपटी त्याच्या स्वतःकडे. "झाला की नाही उलटा? म्हणजे पाव फेरी गुणिले पाव फेरी, बरोबर उणे एक. शाळेत सांगतात, स्वतःशी गुणून उणे एक देणारा आकडाच नसतो. असतो. तो रस्त्यावर शोधला म्हणून सापडत नव्हता."

मामांनी पेला संपवला. रुओलान दातांतून म्हणाली, "शेपटी तुझ्याकडे आलीय. पी."

"का?"

"पी म्हणते ना."

तो प्यायला. मग तिने कानाशी लागून दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि त्याचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने काच उलटी फिरवायला हात घातला, तसा आत्यांनी त्याच्या मनगटावर काड्यांनी टकटक केलं.

"आमच्याकडे मासा मागे जात नाही."

"मग काय करू, आत्या?"

"पुढे जा. आता आणलायस ना इतका लांब."

तिसऱ्या पाव फेरीला तोंड आतोबांकडे आलं आणि शेपटी आत्यांकडे. नवरा-बायको पेले पुन्हा भरून घेऊन समोरासमोर प्यायले. आतोबांनी पाण्याचा कप हळूच खुर्चीखाली ठेवून दिला. चौथ्या पाव फेरीला मासा परत शूमिंगपुढे आला आणि काकूंनी सुटकेचा श्वास टाकला.

"आता काहीही हलवू नकोस," रुओलान म्हणाली. "पेला उचल आणि पिऊन टाक."

त्याने पेला उचलला. तो उचललेलाच राहिला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आतोबा म्हणाले, "मास्तर, मधलं जरा नाही समजलं."

एखाद्याने नाही समजलं म्हटल्यावर शूमिंगच्या घशाखाली पाणी उतरत नसे, तर दारू कुठली उतरणार? त्याने पेला खाली ठेवला. "कुठलं नाही समजलं?"

"ते माझ्याकडे येतं ते."

मासा पुन्हा निघाला. यानकाकांच्या नाकासमोरून गेला, आत्यांकडे थांबला, मामांकडे थांबला, आतोबांकडे जरा जास्तच थांबला. मग मामांना शंका आली की दोनदा केल्यावर उलटं होतं ते नेमकं कसं. ती फिटल्यावर आतोबांना वाटलं की आपलं समजलेलं पक्कं झालेलं नाही. आयुष्यात ज्यांनी पाढ्यांच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं ते दोघे आता गणिताला वाहून घेतल्यासारखे बसले होते. आत्यांनी दोनदा आतोबांकडे डोळे वटारून पाहिलं, पण शेपटी आल्यावर त्यांनाही साथ द्यावीच लागत होती, आणि हळूहळू वटारलेले डोळे जरा मिचमिचे झाले. "हुशार आहे हो पोरगा," त्या काकूंना म्हणाल्या. "मलासुद्धा कळतंय."

कळत नव्हतं ते एकट्या यानकाकांना, असं दिसत होतं. मासा गार झाला, रश्श्यावर साय धरली, राखून ठेवलेली बाटली अर्ध्याखाली गेली, आणि त्यांच्या पेल्यातला थेंबही हलला नव्हता. दर चकरेला मासा न थांबता त्यांच्यासमोरून जायचा.

"अहो, तुम्ही घ्या ना थोडी," काकू हळूच म्हणाल्या.

"माझ्याकडे तोंड आहे का त्याचं?"

"नाही, पण…"

"शेपटी आहे?"

रुओलानला रडू कोसळायचं बाकी होतं. बापाचा हा आवाज तिच्या ओळखीचा होता. बँकवाल्या मुलाला नाही म्हणताना लागला होता तो हाच.

मासा पुन्हा एकदा शूमिंगसमोर आला, तसा यानकाकांनी काचेवर तळवा ठेवला. काच थांबली.

"मला एक सांग," ते म्हणाले. "तुझ्या या संख्या फक्त चारच दिशांना असतात का?"

"नाही, काका."

"कारण मघापासून बघतोय. पोरीच्या बापाची दिशा काही तुझ्या गणितात येत नाही."

आतोबांनीसुद्धा पेला खाली ठेवला. शूमिंगने माशाकडे बघितलं, मग काकांकडे. त्याच्या डोक्यात तेव्हा मान-अपमान काहीच नव्हतं. प्रश्न चांगला होता, आणि चांगला प्रश्न विचारणाऱ्या माणसाबद्दल त्याला जे वाटायचं ते यानकाकांबद्दल एकदम मनापासून वाटलं.

"काका, खरी गंमत तिथेच आहे," तो म्हणाला. "काही संख्या रस्त्यावर असतात, काही अगदी बाजूला. पण बहुतेक सगळ्या मध्येच असतात. थोडं पुढे, थोडं बाजूला. त्यांना संमिश्र संख्या म्हणतात."

यानकाकांनी काचेवरचा तळवा काढला. मग म्हणाले, "रस्ता रुंद करताना आम्ही कडेची झाडं मोजायचो. दगडापासून इतकं पुढे आणि रस्त्यापासून इतकं आत. दोन आकडे सांगितले की झाड सापडायचं."

"तेच, काका. त्या दोन आकड्यांची मिळून एक संख्या."

"एवढंच?"

"एवढंच. मुलांना सांगायला मला झाडं नव्हती सापडली."

आणि त्याने काच हलवली. पाव नाही, पावाची अर्धी. माशाचं तोंड यानकाकांसमोर येऊन थांबलं.

यजमानाच्या घरात, यजमानाच्या टेबलावर, यजमानाकडेच माशाचं तोंड करणारा माणूस लिन्यीत आजवर कुणी पाहिला नव्हता. सगळ्यांनी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी खुर्चीचा हात धरला आणि प्यायलेल्या माणसाच्या काटेकोरपणाने विचार केला.

"पाहुणा यजमानाकडे तोंड करत नसतो," त्या म्हणाल्या. "यजमान पाहुण्याकडे करतो. ह्याने तुझ्याकडे केलं. म्हणजे, देशन, आज यजमान हा. आणि पाहुणा तू."

"माझ्या घरात?"

"त्याला काय करणार? मासा बोललाय."

यानकाकांनी माशाकडे बघितलं. इतकी वर्षं या टेबलावर त्यांनी दुसऱ्यांचे पेले भरले होते. मासा लोकांकडे फिरवला होता, लोकांच्या पाया पडून त्यांना प्यायला लावलं होतं. पण मासा त्यांच्याकडे कुणी कधी फिरवला नव्हता. त्यांनी पेला उचलला. शूमिंगने आपला पेला त्यांच्या पेल्याच्या पार बुडाशी नेऊन टेकवला.

त्यानंतर मासा कुठे कुठे गेला हे कुणाच्या नीट लक्षात नाही. काकांनी स्वतः काही झाडं मोजून दाखवली, त्यातली दोन मामांच्या पलीकडे स्वयंपाकघरात निघाली. एवढं खरं की दुपार कलली तेव्हा ताटात काटे उरले होते आणि यानकाका दारात उभे राहून बूट घालत होते.

"अहो, कुठे निघालात?" काकू म्हणाल्या.

"पाहुण्याने किती वेळ बसायचं?" यानकाका म्हणाले. "घरच्यांना आराम नको का?"

रुओलानने शूमिंगला कोपराने ढोसलं. या वेळी त्याला बरोबर कळलं. तो धावत दाराशी गेला.

"बसा ना काका, इतक्यात काय निघालात. चहा तरी घ्या."

"नको नको, फार त्रास दिला."

"त्रास कसला त्यात?"

"मासा छान होता." काकांनी भिंतीला धरून तोल सावरला. "तुमचे आईवडील कधी येतायत दक्षिणेतून? आले की मला बोलवा. तारखेचं बोलायला येईन म्हणतो."

रुओलान मागे उभी होती, तिने तोंडावर हात धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यानकाका कमरेत वाकून सगळ्यांचा निरोप घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. जिन्यावर बूट वाजले. मग वाजायचे थांबले.

"आता हे जाणार कुठे?" काकूंनी विचारलं.

काही वेळाने घंटी वाजली. यजमान म्हणून शूमिंगनेच दार उघडलं. यानकाका पायपुसण्यावर उभे होते, कोटाची सगळी बटणं लावून.

"शूमिंग घरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे, काका."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, बूट काढून आत आले आणि सोफ्यावर आडवे होऊन झोपून गेले.