मेणबत्ती नेनिताची, मागणं क्रिसिंगचं

नेनिता तुमुलाकच्या मुलाला परीक्षेत पास कर म्हणायच्या ऐवजी नांग क्रिसिंगने सांतो निन्योकडे, म्हणजे आमच्या बाळयेशूकडे, स्वतःची मुलगी मागितली. तीही भर फिएस्टात, म्हणजे त्याच्या जत्रेत, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत, आणि नेनिताचा मोबाइल चालू असताना.

क्रिसिंग, सगळ्या गावाची नांग म्हणजे मावशी, काही नवशिकी नव्हती. चर्चच्या दाराशी मेणबत्त्या विकण्यात तिची हयात गेली. तुम्ही मेणबत्ती घ्यायची, तिला मागणं सांगायचं, पुढचं काम तिचं. मेणबत्ती उंच धरून ती बाळयेशूच्या मूर्तीकडे तोंड करायची आणि दोन पावलं पुढे, एक मागे, परत दोन पुढे, अशी डुलत डुलत तुमच्या नावाने मोठ्याने मागणं घालायची. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चारचौघांत नाचायची लाज वाटते, देवासमोर उभं राहिलं की ज्यांचं त-त-प-प होतं, ते सगळे तिच्याकडे यायचे. आमच्या गावातली निम्मी लग्नं क्रिसिंगच्या पायांनी जमवली असं लोक म्हणतात. स्वतःसाठी मात्र ती कधी नाचली नाही. दुकानदाराने आपल्याच बरणीत हात घालू नये, असं तिचं म्हणणं.

आणि मागण्यासारखं तिच्याकडे एकच होतं. तिची मेलरोझ मिलानमध्ये एका म्हातारीची सेवा करत होती. दर फिएस्टाच्या आधी फोनवर ठरलेलं बोलणं व्हायचं. "मा, येऊ का गं?" "कशाला बाई, भाडं केवढं. मी मजेत आहे. त्यापेक्षा छपराचे पत्रे बदलू." पत्रे बदलले, मग फ्रीज आला. एकट्या बाईच्या फ्रीजमध्ये असतं काय? वाटीभर भात आणि अर्धा मासा. रोज संध्याकाळी ताट घेताना तिला पोरीची इतकी आठवण यायची की घास उतरायचा नाही. पण फोन वाजला की आवाज खणखणीत.

त्या दुपारी तिने नेनिताची मेणबत्ती उचलली आणि नेमका त्याच वेळी शाळेच्या मुलींचा ताफा ढोल वाजवत रस्त्यावरून निघाला. पहिल्या ओळीतली एक मुलगी नाचता नाचता मान वाकडी करून गर्दीत आईला शोधत होती. मेलरोझही त्याच ओळीत नाचायची आणि अशीच शोधायची. क्रिसिंगचे पाय नेनितासाठी नाचत राहिले आणि तोंड म्हणालं, "सांतो निन्यो, माझी मेलरोझ घरी येऊ दे."

"अगं ए बाई," नेनिता म्हणाली, "कोण मेलरोझ? माझा रेयनान. रेयनान तुमुलाक."

नेनिता म्हणजे नगरसेवकाची बायको. मनिलात परीक्षेला बसलेल्या रेयनानला धीर यावा म्हणून ती हा नाच मोबाइलवरून थेट गावाच्या ग्रुपवर दाखवत होती. म्हणजे जे झालं ते नुसत्या रांगेने नाही, अख्ख्या गावाने पाहिलं.

"चुकलं गं, परत करते," क्रिसिंग म्हणाली आणि नव्याने सुरू झाली. दोन पुढे, एक मागे. "सांतो निन्यो, रेयनानला... मेलरोझला घरी आण."

तिसऱ्या वेळी तिने ओठ घट्ट मिटून घेतले. नेनिताने तेही चालू दिलं नाही. "मुकं मागणं मला नको. मिटल्या तोंडाने तू कोणाला मागतेयस, ते मला काय कळणार?"

मागून जीपवाला नोंग बादो, म्हणजे आमचा बादोदादा, पुढे आला. सकाळी त्याने आपल्या झुंजीच्या कोंबड्यासाठी मेणबत्ती लावली होती. "नांग, खरं सांग. माझ्या वेळी कोणाचं नाव घेतलंस?"

"तुझ्या कोंबड्याचं."

"मग तो पहिल्याच फटक्यात आडवा कसा झाला?"

झालं. रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणाची सून अजून रुसलेली, कोणाची डुकरीण व्यायलीच नाही. ज्याचं त्याचं अडलेलं काम आता मेलरोझच्या नावावर चढू लागलं. क्रिसिंग मेणबत्त्यांची टोपली उचलून निघालीच होती, तेवढ्यात बादोने तिची वाट अडवली.

"जातेस कुठे? आता घोळ निस्तरायला नको? अगं, तो सांतो निन्यो लहान मूल आहे. लहान मुलाच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की ते दुसरं काही ऐकतं का? तू दोनदा मेलरोझ मेलरोझ केलंस. आता ती येईपर्यंत तो आमच्याकडे ढुंकून बघायचा नाही."

"म्हणजे रेयनान लटकला," नेनिता म्हणाली.

"सगळेच लटकलो. आधी हिची पोर आणू, मग आपापलं बघू."

एवढं शहाणपणाचं बोलणं बादोच्या तोंडून गावाने पहिल्यांदाच ऐकलं. रांग मोडली, सगळ्यांनी हातात मेणबत्त्या घेतल्या. गुडघेवाले, लाजणारे, सगळे दोन पुढे, एक मागे करू लागले. नगरसेवकाची बायको घामाघूम होऊन पुढे नाचत होती आणि ओरडत होती, "मेलरोझ लवकर येऊ दे, सांतो निन्यो, परीक्षेचा निकाल जवळ आलाय." क्रिसिंग टोपली पोटाशी धरून भिंतीला टेकली. हसावं की रडावं तिला कळेना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मिलानमध्ये नुकतंच उजाडलं होतं.

"मा, तिकडे चाललंय काय? मी उठते तर गावभरचे निरोप. कोणी लिहितंय लवकर ये, कोणी लिहितंय तुझ्यामुळे आमचं अडलंय. बादोची बायको म्हणते, त्यांचा कोंबडा मी मारला."

"काही नाही गं. गर्दीत तोंडून निघून गेलं."

"दोनदा?"

क्रिसिंगने टोपली सावरली. नाचणारे एकेक करून थांबले आणि जवळ सरकले.

"मा, तूच दर वर्षी म्हणतेस ना, येऊ नको म्हणून?"

"म्हणते. पण लहानपणी कधी ऐकलंस का माझं? हेच मेलं कसं ऐकलंस?"

 मग मेलरोझ म्हणाली, "दोनदा तिकीट काढलं होतं, मा. तुला अचानक दारात दिसायचं होतं. आदल्या दिवशी तू म्हणालीस, एकटीचं छान चाललंय माझं. मग रद्द केलं."

क्रिसिंगच्या हातातली टोपली निसटली. मेणबत्त्या पायरीवरून घरंगळत गेल्या आणि कोणी उचलायला वाकलं नाही.  "छान नाही गं चालत," ती म्हणाली. "ये तू. मला जेवण जात नाही."

"येते. आजच तिकीट बघते."

"बघ हं. पण आत्ता भाडं फार असेल, तर पुढच्या वर्षी आलीस तरी..."

पुढे बोलायच्या आत नेनिताने फोन हिसकावला. "मेलरोझ, मी नेनिता. आता फोन माझ्याकडे आहे आणि तू तिकीट काढेपर्यंत तो तुझ्या आईच्या हातात जाणार नाही. हिच्या तोंडाचा काही भरवसा नाही." मागून बादो ओरडला, "काढल्यावर फोटो पाठव म्हणावं."

"अगं, मग मी काय करू?" क्रिसिंगने पदरासारखा झगा ओढून डोळे पुसत विचारलं.

"तू घरी जा," नेनिता म्हणाली, "आणि पोरीची खोली झाड."