तानूबाईंचा अर्धा प्रहर

एका जंगलात एक साळू राहत होती. साळू म्हणजे ती, अंगभर काटे असणारी. नाव तानूबाई. ए मागच्या, जांभई पुरे! गोष्ट तुझ्याच घरची आहे.

तानूबाईंची लेक रंगू डोंगरापलीकडच्या जंगलात दिलेली. पहिलटकरीण. दिवस भरत आलेले. "आई, कळा सुरू व्हायच्या आत ये गं, मला फार भीती वाटते," असा तिचा निरोप आला. पायवाट दोन दिवसांची. तानूबाईंनी डिंकाचे लाडू बांधले आणि निघाल्या.

वाटेत विमानतळाची पाटी दिसली. त्या जंगलात करकोचे प्राण्यांना टोपलीत बसवून नेत, त्यालाच विमान म्हणत. पाटीवर लिहिलं होतं : 'डोंगरापलीकडचं जंगल. अंतर वीस कोस. वेळ अर्धा प्रहर.'

"अगंबाई! अर्धाच प्रहर?" तानूबाई हरखल्या. एवढी सोय असताना पायी गेलं तर चारचौघींत शोभेल का? त्या मागे वळल्या.

आता विमानतळ होता जंगलाच्या दुसऱ्या टोकाला. कारण सिंहाच्या मेहुण्याची पडीक जमीन तिथेच होती. तानूबाई धापा टाकत पोचल्या, तर आदल्या दिवशीच यायचा नियम निघाला. रात्र तिथेच काढली. मग सकाळी तपासणीला माकड.

"धारदार वस्तू नेता येणार नाहीत."

"अरे मेल्या, हे माझ्या अंगावरचे काटे आहेत!"

"मग अंग सामानात द्या."

शेवटी एकेका काट्याला लिंबोळी टोचली, तेव्हा कुठे त्यांना सोडलं.

टोपली उडाली ती उलट्या दिशेला, राजधानीकडे. प्रत्येक टोपलीने आधी वनराजांना सलाम करायचा असतो. वनराज झोपले होते. ते उठेपर्यंत सगळे पंधरा दिवस ताटकळले. मग करकोचा पुन्हा उडाला आणि डोंगरापलीकडे उतरला. तिथून रंगूचं बीळ किती लांब? पायी दोन दिवस.

तानूबाई तिथल्या अधिकाऱ्यावर, कोल्हेसाहेबांवर उखडल्या. "अहो, अर्धा प्रहर म्हणाला होतात ना?"

"डोंगरावरून उडताना तेवढाच लागला की! बाकीचा वेळ तुमचा खासगी. त्याला आम्ही काय करणार, बाई?"

विमानतळापासून विमानतळापर्यंत सगळ्यांनी मोजलं होतं. बिळापासून बिळापर्यंत मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तानूबाई पोचल्या तेव्हा बारसं उरकून घुगऱ्याही संपल्या होत्या. रंगूने आईकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"कळा येत होत्या तेव्हा मी दाराकडेच बघत होते, आई. शेजारची घूस धावून आली. तू नाही आलीस. सरळ चालत का नाही निघालीस गं?"

तानूबाईंना रडू कोसळलं. लाडूंना तर बुरशी आली होती.

काही दिवसांनी त्या घरी परतल्या. आळीतल्या साऱ्याजणी जमल्या. शेजारची सशीण सगळ्यांत पुढे. तिची म्हातारी आई डोंगरापलीकडे आजारी होती, शेवटचं बघायला बोलावत होती.

"तानूबाई, खरंच अर्ध्या प्रहरात पोचतं का हो?"

तानूबाई सावरून बसल्या. सगळ्याजणी टक लावून बघत होत्या.

"हो तर! बसले न बसले तोच उतरलेसुद्धा."

सशीण उठली आणि विमानतळाकडे पळत सुटली.

तात्पर्य : वेळेवर पोचायचं असेल तर चालत जावं. पण चालत आलेल्याला 'प्रवास कसा झाला?' म्हणून कुत्रंही विचारत नाही. तेव्हा बाळांनो, विमानानेच जा, आणि आल्यावर खरं सांगून शेजाऱ्यांचा हिरमोड करू नका.