मधल्या झाडाची सावली

एका जंगलात, मुलांनो, राजा नव्हता. पूर्वी होता. पण तो म्हातारा झाला, त्याचे दात पडले, आणि प्राण्यांनी ठरवलं की आता आपलं आपण बघू. म्हणून त्यांनी सभा स्थापन केली. त्या दिवसापासून जंगलात कोणी कोणाला खाल्लं तरी आधी चर्चा होऊ लागली.

सभेत एकेचाळीस सदस्य होते. वीस शिंगवाले, वीस सुळेवाले आणि एक धोंडाबाई.

धोंडाबाई म्हणजे तळ्यातली कासवीण. तिला शिंगं नव्हती आणि सुळेही नव्हते, त्यामुळे दोन्ही पक्षांनी तिला घ्यायला नकार दिला होता. पुढे मतं समसमान झाली, तेव्हा दोन्ही पक्ष तिला मावशी म्हणू लागले.

सभेचं मैदान तळ्याकाठी होतं. मैदानाच्या एका टोकाला मोहाचं झाड होतं, दुसऱ्या टोकाला सागाचं. मतदानाची रीत सोपी होती. शिंगवाल्यांचा ठराव मान्य असेल त्यानं मोहाखाली जायचं, सुळेवाल्यांचा मान्य असेल त्यानं सागाखाली. मग सभेचे सचिव बगळेसाहेब एका पायावर उभं राहून माना मोजायचे.

धोंडाबाई मैदानाच्या मधोमध बसायची. मतदान पुकारलं की तीही निघायची. पण ती दहा पावलं जाईपर्यंत मोजणी संपलेली असायची. मग वीस विरुद्ध वीस, दोन्ही ठराव नामंजूर, सभा तहकूब. असं सात वर्षं चाललं होतं. धोंडाबाईचा हा संथपणा पाहून जंगलातले विचारवंत तिला मध्यममार्गी म्हणू लागले. ती कुठल्या झाडाकडे निघाली होती, हे मात्र कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी तळं आटू लागलं. तळ्यात ज्या ओढ्याचं पाणी यायचं, त्याचं तोंड गाळानं बुजलं होतं. गाळ काढायला हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मतभेद एवढाच होता की शिंगवाल्यांच्या ठरावाप्रमाणे तो फक्त शिंगांनी काढायचा होता आणि सुळेवाल्यांच्या ठरावाप्रमाणे फक्त सुळ्यांनी.

बाकीच्यांना तहान लागली तर ते चार कोसांवरच्या नदीवर जाऊ शकत होते. धोंडाबाईला चार कोस म्हणजे पुढचा उन्हाळा. तळं गेलं की तीही गेली. म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा राजकारण करायचं ठरवलं.

ती आधी शिंगवाल्यांचे पुढारी रायाजीराव गवे यांच्याकडे गेली. जायला तीन दिवस लागले. तिनं सांगितलं की ओढ्याच्या वरच्या अंगानं शिंगवाल्यांनी गाळ उकरत यावं, खालच्या अंगानं सुळेवाल्यांनी, आणि दोघांनी मध्ये भेटावं.

रायाजीरावांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणला.

“मावशी, तुमचं पटतंय. पण मी म्हटलं असं कुठं बोलू नका.”

मग ती सुळेवाल्यांचे पुढारी दंताजीराव रानडुकरे यांच्याकडे गेली. त्याला पाच दिवस लागले, कारण वाट चढाची होती. दंताजीराव चिखलात लोळत होते. त्यांनीही सगळं ऐकून घेतलं. आपण पहिल्यापासून याच मताचे आहोत, असं त्यांनी सांगितलं. फक्त पक्षात काही माथेफिरू आहेत, त्यांना सांभाळावं लागतं, असंही म्हणाले. रायाजीरावांनीही निघताना हेच सांगितलं होतं.

धोंडाबाई घरोघर फिरली. बाकीचे सदस्य त्या दोघांच्या आसपासच राहायचे, म्हणून महिनाभरात तिनं सगळ्यांच्या भेटी घेतल्या. आणि मुलांनो, आश्चर्य असं की चाळीस जणांपैकी चौतीस जणांना तिचं म्हणणं मान्य होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच शहाणे आहोत. उरलेले सहा, तीन या बाजूचे आणि तीन त्या बाजूचे, ऐकायला तयार नव्हते. त्यांना ओढ्यापेक्षा भांडण जास्त आवडायचं.

सभेचा दिवस उजाडला. मतदान पुकारलं गेलं. तीन शिंगवाले तरातरा मोहाखाली गेले. तीन सुळेवाले सागाखाली गेले. आणि बाकीचे चौतीस, एकमेकांकडे चोरून बघत, मैदानाच्या मध्यावर धोंडाबाईभोवती येऊन उभे राहिले. गव्याच्या खांद्याला रानडुकराचा खांदा लागला. कोणी कोणाला ढुशी दिली नाही. धोंडाबाईचे डोळे भरून आले. त्या वर्षी जंगलात ओल होती ती तेवढीच.

बगळेसाहेबांनी पाय बदलला आणि माना मोजल्या.

“मोहाखाली तीन. सागाखाली तीन. समसमान. दोन्ही ठराव नामंजूर.”

“आणि आम्ही पस्तीस जण?” धोंडाबाईनं विचारलं.

“आपण वाटेत आहात,” बगळेसाहेब नम्रपणे म्हणाले. “नियमांत झाडं दोनच आहेत. जो झाडाखाली नाही, तो अजून पोचायचा आहे, असं धरतात. आपल्या बाबतीत गेली सात वर्षं तसंच धरलंय. तेव्हा आपली तक्रार नव्हती.”

चौतीस जणांत कुजबुज सुरू झाली. काही हळूच आपापल्या झाडाकडे सरकू लागले. शेवटी प्रश्न अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष होते घुबड. ते दिवसभर झोपलेले असत, म्हणून दोन्ही पक्षांना ते निःपक्षपाती वाटत. त्यांनी एक डोळा उघडला, सगळं ऐकलं आणि निर्णय दिला. मध्यममार्गाला मान्यता मिळालीच पाहिजे. त्यासाठी मैदानाच्या मधोमध उंबराचं रोप लावावं. त्याला सावली आली की त्याखालची मतं मोजावीत. तोवर रोपाला रोज जवळच्या पाण्यातून चाळीस तुंबे पाणी घालावं. एवढं सांगून त्यांनी डोळा मिटला.

जवळचं पाणी म्हणजे धोंडाबाईचं तळं.

“साहेब, या झाडाला सावली कधी यायची?” तिनं बगळेसाहेबांना विचारलं.

“बारा-पंधरा वर्षांत.”

“आणि तळ्यात पाणी किती दिवसांचं आहे?”

बगळेसाहेब तळ्यात उतरून आले. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं नाही. “चाळीस तुंब्यांच्या हिशेबानं आठवडाभर,” ते म्हणाले. “पण आपली जात दीर्घायुषी आहे, बाई. आपण थांबू शकता.”

दुसऱ्या दिवसापासून रोपाला पाणी घालणं सुरू झालं. एक दिवस शिंगवाले घालत, एक दिवस सुळेवाले. कोणी पाळी चुकवली नाही, कोणी एक तुंबा कमी घातला नाही. दोन पक्ष इतक्या गोडीनं एखादं काम करताना जंगलानं पहिल्यांदाच पाहिले. दुरून प्राणी बघायला येऊ लागले.

आठव्या दिवशी रोपाला दोन पानं फुटली आणि तळं संपलं.

धोंडाबाईनं काय केलं? तिनं कासवं करतात तेच केलं. ती तळाच्या चिखलात खोल शिरली आणि पाऊस येईपर्यंत पडून राहायचं ठरवलं. वर चिखल वाळला, त्याला भेगा पडल्या. दोन दिवस मावशी दिसली नाही, तेव्हा ती गेली असं सगळ्यांनी धरलं.

त्याच संध्याकाळी सभा भरली. रायाजीराव बोलायला उठले. ते म्हणाले की अशी समतोल बुद्धीची सदस्य पुन्हा होणे नाही. दंताजीराव म्हणाले की आज मावशी असत्या, तर ओढा मोकळा झाला असता. मोहाखालचे तिघेही रडले, सागाखालचे तिघेही. मग सगळे चाळीस जण आपापल्या जागी दोन मिनिटं उभे राहिले. कोणालाही कुठल्याही झाडाखाली जावं लागलं नाही. शोकप्रस्ताव एकमतानं मंजूर झाला.

धोंडाबाईनं हे सगळं चिखलाखालून ऐकलं. वर येऊन सांगावं की मी जिवंत आहे, असं तिच्या मनात आलं. तिनं मान थोडी बाहेरही काढली. मग तिला वाटलं, सभेचं हे पहिलंच एकमत. ते आपण कशाला मोडायचं?

तिनं मान आत घेतली.

तात्पर्य : मुलांनो, दोन्ही बाजूंना मान्य होईल असा सदस्य प्रत्येक सभेत असतो. त्यानं फक्त आपण जिवंत असल्याचं कळू देऊ नये.