पहिलं वेत

मला बघायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. पोह्यांची बशी बाजूला ठेवून एकच प्रश्न केला, "दिवसाला पाणी किती पिता?"

"लागेल तेवढं," मी म्हटलं.

"उत्तम," म्हणाले, आणि लग्न ठरलं.

जयसिंगराव जनावरांचे डॉक्टर. घर कोल्हापुरात, पण दिवस सगळा राधानगरीकडच्या गोठ्यांत. अडलेल्या म्हशी मोकळ्या करता करता माणसांशीही ते तसंच बोलायला लागले. माझी आई तापानं आजारी पडली, तर फोनवर मला विचारतात, "सासूबाई चरत्यात न्हवं नीट?" फोन स्पीकरवर होता. आई महिनाभर जावयाशी बोलली नाही.

मला दिवस गेले आणि ह्यांचं निरीक्षण वाढलं. चहाचा कप घेऊन समोर बसायचे. "आज डाव्या पायावर भार जास्त हाय." एकदा खनिज मिश्रणाचा पुडा घेऊन आले. वर लिहिलेलं, 'दुभत्या जनावरांसाठी'.

"अहो!"

"नाव काय वाचतीस? आत काय काय हाय ते बघ की."

बाळंतपणाला मी मलकापूरला, माहेरी जायची होते. रविवारी आई न्यायला येणार होती. गुरुवारी सकाळीच माझी कंबर भरून आली. बसवेना, उभं राहवेना, म्हणून मी डबे काढून फळी पुसायला घेतली. हे दारात येऊन उभे राहिले.

"खाल्लं न्हाईस. कोपरा धरलायस. सारखी उठबस चाललीय."

"मग?"

"सुरू झालंय."

"अजून दोन आठवडे आहेत."

"बघितलं की कळतंय. पर घाई न्हाय."

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. राधानगरीकडच्या गोठेवाल्या हुसेनमामांचा. मामांच्या म्हशीलाही त्याच सकाळी कळा लागल्या होत्या. हे बाहेरच्या खोलीत गेले. गोठ्यात बोलायची सवय, त्यामुळं आवाज गल्लीभर.

"मामा, कळा किती येळानं येत्यात?"

मी ओट्याला धरून उभी होते. मला वाटलं, मलाच विचारतायत. "दहा मिनिटांनी!"

"मग घाई न्हाय. मोकळी सोडा तिला."

आणि माझ्या पायांवरून कोमट पाणी वाहिलं. मी किंचाळले, "पाणमोट फुटली!"

"फुटू दे की. रंग कसा हाय पाण्याचा?"

"पाण्यासारखा!"

"मामा, तुमचा आवाज असा बायकी का येतोय?"

स्पीकरवर मामा ओरडले, "मी कुठं बोललोय डॉक्टर? माझी म्हैस अजून उभीच हाय. तुमच्या घरात बघा की!"

हे स्वयंपाकघराच्या दारात आले. फरशीवरचं पाणी बघितलं, माझ्याकडं बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं. "घाई न्हाय," एवढं म्हणाले आणि मटकन खाली बसले.

मला पहिल्यांदाच भीती वाटली. घरात दुसरं कुणी नव्हतं. पण फोन चालूच होता, आणि ह्यांनी बसकण मारल्याचा आवाज मामांना ऐकू गेला असावा.

"डॉक्टर, उठा," मामा म्हणाले. "वैनींना गाडीत घाला. डाव्या कुशीवर निजवा. गाडी सावकाश हाना. म्हशीचं मी बघतो."

"व्हय मामा. व्हय मामा." हे शाळेतल्या पोरासारखे उठले. दवाखान्याच्या पिशवीत त्यांनी काय भरलं ते मी नंतर बघितलं. खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे, दोरी आणि बॅटरी. माझा एक गाऊनही नाही.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "कितवी खेप?"

"पहिलं वेत," हे म्हणाले.

सिस्टर गावाकडची असावी. गाईम्हशींच्या बाळंतपणाचा शब्द ऐकूनही तिनं न हसता लिहून घेतलं.

मग हे व्हरांड्यात उभे राहिले आणि दर अर्ध्या तासानं मामांना फोन करत राहिले. म्हशीची चौकशी करायला नव्हे. "पुढं काय करू?" विचारायला.

दुपारी चारला मुलगी झाली. दोन आठवडे आधी आलेली, पण आवाज खणखणीत. मलकापूरहून आईही येऊन पोचली. आणि हे दारात. बाह्या वर सरकवलेल्या, दोन्ही हात समोर धरलेले, कोपरातून पाणी ठिबकतंय.

"आत या की," मी म्हटलं. "घ्या तिला."

"तीनदा धुतलेत. साबण लावून."

"मग घ्या ना."

"कसं धरत्यात ते म्हाईत न्हाय."

मला हसू आलं. "अहो, इतकी रेडकं काढलीत."

"रेडकू येगळं." ते खाली बघत राहिले. "भावकीतल्या बारशाला पोर सगळ्यांच्या हातातनं फिरतंय. माझ्यापतोर आलं की म्हणत्यात, गोठ्यातनं आलायसा, लांबच थांबा. आजवर एक पोर कुणी हातात दिलं न्हाय."

त्या सगळ्या बारशांना मीही होते. मला वाटायचं, ह्यांना दाराशीच उभं राहायला आवडतं.

मी आईकडून बाळ घेतलं आणि त्यांच्या हातांत दिलं. मान कुठं धरायची ते दाखवलं. ते तसेच ताठ उभे. पापणीही हलेना.

"अहो, हात ओले आहेत," आई टॉवेल पुढं करत म्हणाली. "पुसा तरी."

"पुसायला एक हात सोडाय लागंल," हे म्हणाले.