मधल्या भिंतीचं दार

परीक्षेसाठी बांधलेल्या सौर घराचे तीन तुकडे कॉलेजच्या मैदानावर शेजारी शेजारी ठेवून बोल्ट आवळले, तेव्हा कुठे कप्तानाच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जायला वाटच नाही. न्हाणीघरातूनही नाही.

तीन गटांनी तीन तुकडे वेगवेगळ्या शेडमध्ये बांधले होते. मधलं दार कुठे येणार ते शेजारचा गट कळवेल, मग आपण भिंत कापू, असं प्रत्येकाने गृहीत धरलेलं. आपणहून विचारायला जाणं म्हणजे कमीपणा. बाहेरचं दार मात्र तिघांनीही ठेवलं आणि कौतुकाने रंगवलं. या सगळ्यांचा म्होरक्या कप्तान, तो छपरावरच्या सौर पॅनेलपाशी फोटो काढून घेण्यात गुंतला होता.

"आता काप की," आई म्हणाली. लेकाचं घर बघायला ती मुद्दाम आली होती.

"भिंतीत वायरी आहेत गं. करवत लावली तर दिवेच जातील."

"मग काय, आंघोळ करून माणसाने अंगणातून फिरून यायचं?"

"हळू बोल ना. परीक्षक आलेत."

"नापास झालास की मोठ्याने बोलते."

नापास म्हणजे वर्ष गेलं आणि ठरलेली नोकरीही गेली. परीक्षकांनी मधली भिंत ठोकून पाहिली.

"इथे दार नाही?"

"मुद्दामच नाही ठेवलं, सर. इकडचा गारवा तिकडे जात नाही. तेवढी वीज वाचते."

हे त्याला स्वतःलाही आत्ताच कळत होतं. परीक्षकांनी मान डोलावली. न समजलेल्या गोष्टीला मान डोलवायची त्यांना नोकरीभराची सवय होती.

"नवा विचार आहे. महिनाभर इथे राहून दाखवा. वीज वाचली, तर पहिला नंबर तुमचा."

"कल्पना कप्तानाची. राहायचा मानही त्याचाच," तिन्ही गट म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर पडला आणि झोपायच्या खोलीकडे निघाला, तर समोर शाळेची सहल उभी. प्राध्यापक छपराकडे बोट दाखवून उन्हापासून वीज कशी होते ते सांगत होते. मुलांपैकी एकही वर बघत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला.

"दादा, तुम्हाला घरात घेत नाहीत का?"