लग्नाआधीचा फरक

कासारबारीत लग्नाआधी मुलाला आपण जनावरांपेक्षा वेगळे आहोत हे जनावरांच्या समितीला पटवून द्यावं लागतं. पत्रिका जुळली, हॉल ठरला, तरी समितीचा होकार नसेल तर अक्षता पडत नाहीत. मुलींना हे विचारत नाहीत. त्यांच्याबद्दल समितीला शंका नाही.

हेरंब सबनीसचं लग्न उद्यावर आलं होतं आणि तो एकदा नापास झाला होता. वैजयंतीवर त्याचा फार जीव, त्यामुळे त्याची झोप उडाली होती. धीर द्यायला मावसभाऊ मुकुल सोबत आला. मुकुलचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, म्हणून तो कान टवकारून बसला.

समितीच्या अध्यक्ष चंद्राबाई, म्हणजे गवळी आळीतली म्हैस. शेजारी कावळा आणि मुंगी.

"बोला सबनीस, फरक काय?" चंद्राबाईंनी रवंथ थांबवून विचारलं.

"आम्ही उद्याची तरतूद करतो."

मुंगी नुसतीच हसली.

"आमच्यातलं कुणी गेलं तर आम्ही शोकसभा घेतो."

"आम्हीही घेतो," कावळा म्हणाला. "भाषणं आटोपशीर असतात, एवढंच."

हेरंबचा चेहरा पडला. तेवढ्यात शिपायाने त्याच्यापुढे पोह्यांची बशी धरली. काळजीने हेरंब सकाळपासून उपाशीच होता.

"नको, आत्ताच घरून खाऊन निघालो," तो सवयीने म्हणाला.

"घ्या हो थोडे."

"खरंच नको."

"माझ्यासाठी दोन घास."

"बरं, अगदी चवीपुरते," म्हणत हेरंबने बशी चाटूनपुसून साफ केली.

चंद्राबाई बघतच राहिल्या. "भूक होती तुम्हाला?"

"सपाटून."

"मग नको का म्हणालात?"

"एकदम हो कसं म्हणणार? बरं दिसत नाही ते."

तिघांनी डोकी एकत्र आणली. भूक असताना समोरचं खाणं नाकारणारं जनावर कुणाच्याच पाहण्यात नव्हतं. हेरंब पास झाला. आपलंही काम झालं म्हणून मुकुल खुशीत आला. हेरंबला तर इतका आनंद झाला, की त्याने चंद्राबाईंना तिथल्या तिथे लग्नाच्या जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं.

लग्नात चंद्राबाई पहिल्या पंगतीला बसल्या. हेरंब आणि वैजयंती जिलब्या वाढत येत होते. चंद्राबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण जिलब्यांचं ताट समोर येताच त्यांनी पानावर खूर आडवा धरला.

"नको हो, पोट अगदी भरलंय."

"असं कसं? आमच्या लग्नाची जिलबी आहे," म्हणत हेरंबने चार वाढल्या.

"बरं, तुम्ही म्हणताय म्हणून," चंद्राबाई म्हणाल्या.

समोर बसलेल्या मुकुलचा घास हातातच राहिला.